वारी, लिथियम आणि नऊ महिने न दिसलेला रुग्ण

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातला एक मठ. त्याच्या विश्वस्त संस्थेतर्फे भक्तनिवासाच्या तळमजल्यावर महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी मानसोपचाराचा दवाखाना भरतो. केसपेपर वीस रुपये, औषध खरेदीच्या भावात, आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नेम. मठ, रुग्ण आणि घटनाक्रम नमुन्यादाखल रचलेले आहेत; ही कुणा एका माणसाची हकीकत नाही. औषधं, रक्तातल्या पातळ्यांचे अर्थ, कायदा आणि सरकारी योजना मात्र प्रत्यक्षात आहेत तशाच दिल्या आहेत.

रुग्ण ३१ वर्षांचा, बेळगावात सेंट्रिंगच्या कामाला जाणारा, घरात तीन पिढ्यांची वारी. बाविसाव्या वर्षी पहिला झटका आला. सलग पाच रात्री झोप नाही, बोलणं थांबेना, भावाच्या नावावर उधारी करून गावजेवण ठरवलं, विठ्ठलाचा निरोप आलाय म्हणून रात्री दोन वाजता लोकांची दारं ठोठावली. घरच्यांनी आधी देवर्षी केला. उतारा झाला, कौल झाला, तीन आठवडे गेले. मग धारवाडला भरती. निदान द्विध्रुवी विकार, म्हणजे कधी उन्माद आणि कधी खोल उदासी. सुट्टी मिळाली तेव्हा मनाचे चढउतार आवरणारं लिथियम आणि उन्माद उतरवणारं ओलान्झापिन चालू होतं.

चार महिन्यांत दोन्ही बंद झालं. धारवाडची एक फेरी म्हणजे पहाटे निघून रात्री परत, एक हजेरी बुडाली, आणि सोबत भाऊ आला तर दोन. औषधाचा खर्च त्यापुढे काहीच नव्हता. लिथियमच्या ३०० मिग्रॅच्या नव्वद गोळ्या साधारण दीड-दोनशे रुपयांत येतात. "स्वस्त उपचार" म्हणताना बहुतेक संस्था केसपेपर आणि गोळीची किंमत धरतात आणि बुडालेली हजेरी हिशेबात घेतच नाहीत. या भागात उपचार सुटतात ते तिथं.

मठाचा दवाखाना सुरू झाल्यावर रुग्ण तिथं येऊ लागला. गावातून गाडी, मठात दर्शन, दवाखाना, संध्याकाळी परत घरी. शेजाऱ्यांनी विचारलं तर "मठात गेलो होतो" एवढंच सांगावं लागतं. श्रद्धेच्या जागी दवाखाना असण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच: इथं आलेल्या माणसाला कुणी वेडा म्हणत नाही. लिंगायत, मुसलमान, ख्रिस्ती रुग्णही येतात. तपासणीच्या खोलीत धर्मोपदेश करायचा नाही, दर्शनाची अट घालायची नाही, अंगारा हवा त्यानं बाहेर घ्यावा, हे लेखी ठरलेलं आहे.

भक्तनिवासात कुणालाही रुग्ण म्हणून रात्री ठेवायचं नाही, हेही तितकंच ठाम. नातेवाईक अजूनही विचारतात, "अकरा दिवस सेवेला ठेवू का?" मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे मानसिक आजार असलेली माणसं जिथं उपचारासाठी ठेवली जातात ती प्रत्येक जागा मानसिक आरोग्य आस्थापना ठरते आणि तिची नोंदणी करावी लागते, मग ती मठात असो की दर्ग्यात. साखळीनं बांधणं कलम ९५ नुसार पूर्ण बंद आहे. तमिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या निवासात ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली आणि साखळ्यांत बांधलेली २८ माणसं जळून गेली; त्या प्रकरणाची माहिती इथल्या प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी दिली जाते. उलट बाजूचं उदाहरणही दिलं जातं: गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दुआ आणि दवा एकाच आवारात मिळते, आणि तिथले मुजावर स्वतः माणसाला डॉक्टरकडे पाठवतात.

आषाढीच्या वाटेवर

पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी रुग्णाला वारीला जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. वैद्यकीयदृष्ट्या त्यात चूक काढता येत नाही. पुढच्या भेटीला त्याची आई एकटीच आली आणि म्हणाली, "तुम्ही वारी सोड म्हणालासा डॉक्टर, त्यानं गोळी सोडली की." या प्रकरणाचं मर्म त्या एका वाक्यात आहे. वारकऱ्यापुढे गोळी आणि वारी यांतलं एक निवड असा प्रश्न ठेवला, तर हरते ती गोळी. मठाच्या दवाखान्याचं काम हा प्रश्नच उभा राहू न देण्याचं आहे. त्यासाठी गोळी शरीरात कशी वागते आणि वाटेवर माणूस कसा वागतो, या दोन्हींची नेमकी माहिती लागते.

त्यानंतर वारीचा विषय कुणी काढलाच नाही. मनाई नव्हती, तयारीही नव्हती. दोन वर्षं निभावलं, तिसऱ्या वर्षी नाही.

दिंडी निघाली तेव्हा खानापुरात मृगाचा पाऊस लागला होता. चिकोडी, मिरज ओलांडून सांगोल्याच्या बाजूला गेलं की पाऊस मागे राहतो; वर ऊन, खाली तापलेला रस्ता. लिथियम घेणाऱ्याला मुळात लघवी जास्त होते आणि तहान जास्त लागते. चालत्या दिंडीत सारखं बाजूला जावं लागू नये म्हणून रुग्ण पाणी कमी प्यायला लागला. सातव्या दिवशी गुडघा सुजला. सोबतच्या एकानं डायक्लोफिनॅकची गोळी दिली, ती त्यानं दिवसातून दोनदा अशी चार दिवस घेतली. नवव्या दिवशी जुलाब लागले. घरच्या चालीप्रमाणे दशमीला अळणी जेवण आणि एकादशी निर्जळी.

यातली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेला ढकलत होती. लिथियम हा क्षार आहे आणि मूत्रपिंड त्याला सोडियमसारखं वागवतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागतं, सोबत लिथियमही धरून ठेवतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामकांनी लिथियम बाहेर पडण्याचं प्रमाण आणखी घटतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, म्हणजे थायझाइड, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांनीही, असंच होतं. म्हणून रोजची तीच ९०० मिग्रॅ मात्रा दहाव्या दिवशी विषासारखी झाली.

पहिली खूण हातांत दिसली. टाळ धरवेना. लिथियमवर असताना बोटांना बारीक कंप असतोच, रुग्णाला त्याची सवय होती. हा कंप वेगळा होता. मनगटापासून हात उडत होता, टाळांचा मेळ बसत नव्हता, पाणी पिताना तांब्या दातांवर आपटत होता. मग उलटी, पायांचा तोल जाणं, जीभ जड. शेजारचा म्हणाला, रंगी रंगलाय. दुसऱ्याला वाटलं, प्यालाय. विणेकरी जुने होते. नाचणारा माणूस टाळावर पडतो, हा टाळ सोडून पडतोय, एवढं त्यांनी ओळखलं आणि त्याला जीपमध्ये घातलं.

रुग्णालयात लिथियमची पातळी २.१ मिलिमोल प्रति लिटर आली, आणि मूत्रपिंडाचं काम किती नीट चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन १.६, म्हणजे वाढलेलं. दीर्घ काळ टिकवण्याच्या उपचारात ही पातळी ०.६ ते ०.८ च्या आसपास ठेवतात, १.५ च्या वर विषबाधेची भीती, २ च्या वर ती गंभीर. नेहमी लिथियम घेणाऱ्या माणसाला याहून कमी आकड्यावरही विषबाधा होऊ शकते, म्हणून आकड्याइतकंच लक्षणांकडे पाहावं लागतं. विषबाधेत दिला जाणारा कोळसा इथं निरुपयोगी असतो, कारण लिथियम त्याला चिकटत नाही. लिथियम थांबवलं, शिरेतून सलाइन दिलं, पातळी पुन्हा पुन्हा मोजली. शुद्ध हरपली असती किंवा आकडी आली असती तर डायलिसिस करावं लागलं असतं. रक्तातला आकडा उतरल्यावरही दोन-तीन दिवस बोलणं अडखळत राहिलं. मेंदूतून लिथियम सावकाश निघतं. पाचव्या दिवशी सुट्टी झाली.

सुट्टीच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं: लिथियम थांबवा, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. घरी पोचेपर्यंत त्यातला पहिला अर्धाच उरला. लिथियम एकाएकी बंद झालं की उन्माद परतण्याचा धोका नेहमीपेक्षा वाढतो. सहाव्या आठवड्यात रुग्ण रात्री तीन तास झोपून ताजातवाना उठू लागला आणि गावात नवं देऊळ बांधायची वर्गणी गोळा करू लागला.

दवाखान्यात काय चुकलं होतं

दोष वाटेवर टाकून मोकळं होता येत नाही. वही उघडल्यावर जे दिसलं ते असं.

वारीच्या आधी नऊ महिने डॉक्टरांनी रुग्णाला पाहिलंच नव्हतं. गोळ्या नियमित गेल्या होत्या. त्या आई नेत होती. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेखाली राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे लागत नाहीत. मुलाचं तिकीट आणि हजेरी दोन्ही वाचतात, म्हणून आई फाईल घेऊन येते, "बरा हाय" म्हणते, गोळ्या घेऊन जाते. योजनेनं बायकांची मोठी सोय झाली आहे, याबद्दल वाद नाही. दवाखान्याला मात्र हे वेळीच दिसायला हवं होतं, कारण वहीत दर महिन्याला "औषध दिलं" अशी टिकमार्क होती आणि ती पाहून सगळं ठीक चाललंय असं वाटत होतं. औषध गेलं आणि रुग्ण आला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे रकाने वेगळे हवेत.

शेवटची लिथियमची तपासणी अकरा महिन्यांपूर्वीची होती. ती चाचणी मठात होत नाही, नमुना बेळगावला जातो, आणि चार-पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त पडतात. देणगीदार अन्नदानाला पावती फाडतात, औषधालाही देतात; रक्तचाचणीला कुणी देत नाही, कारण तिचा फोटो निघत नाही. त्यामुळे चाचणीचे पैसे रुग्णावर पडत, आणि बरं वाटणारा माणूस पाचशे रुपयांचा कागद पुढच्या महिन्यावर ढकलतो.

आणि ज्या चाचण्या झाल्या होत्या, त्यांतल्या दोन चुकीच्या होत्या. लिथियमचा नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचा असतो. डॉक्टर दुपारी दोनला पोचत, रक्तही तेव्हाच काढलं जाई. रात्री नऊची गोळी धरली तर सतरा तास. पातळी खरी असते त्याहून कमी दिसली, आणि ६०० ची मात्रा ९०० झाली. दुसऱ्या एका वेळी नमुना हिरव्या टोपणाच्या नळीत गेला. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून बहुधा लिथियम हेपॅरिन असतं. म्हणजे नळीतलंच लिथियम मोजलं गेलं आणि अहवाल भलताच चढा आला. तेव्हा डॉक्टरांनी रुग्णाकडे पाहून अहवालावर विश्वास ठेवला नाही, म्हणून निभावलं. लाल टोपणाची साधी नळी वापरायची, एवढंच त्याचं उत्तर; पण ते नळ्यांच्या पेटीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून चिकटवलेलं नव्हतं.

भाषेचा प्रश्न वेगळा काढून सांगण्यासारखा नाही, तो सगळीकडे मिसळलेला आहे. सरकारी फॉर्म कन्नडमध्ये, चिठ्ठी इंग्रजीत, रुग्ण वाचतो मराठी. डॉक्टर कन्नडभाषक, मराठी चांगलं समजतं. पण "डोकं हलकं झालंय" हे चक्कर आल्याचं की उन्मादात सगळं सोपं वाटू लागल्याचं, हे ओळखायला त्या गावचं माणूस जवळ लागतं. तो दुभाष्या घरचा नसावा. घरचा माणूस रुग्णाचं बोलणं सुधारून सांगतो.

नंतरचे उपाय

देवळाच्या वर्गणीची बातमी भजनी मंडळातल्या स्वयंसेविकेनं दवाखान्याला कळवली. तिनं रुग्णाशी वाद घातला नाही. भावाला बोलावून वर्गणीचे पैसे त्याच्याकडे ठेवायला लावले आणि त्याच संध्याकाळी १४४१६ वर फोन लावून दिला. टेलि-मानसची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. गुरुवारला नऊ दिवस होते. कर्नाटकात तालुका रुग्णालयांत ठरलेल्या मंगळवारी 'मनोचैतन्य' कार्यक्रमाखाली मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. ती तारीख आधी येत होती, म्हणून रुग्णाला तिथं नेलं. धर्मादाय दवाखान्यानं सरकारी सेवेशी स्पर्धा करू नये. दोन्हींच्या तारखा एकाच कागदावर छापून रुग्णाच्या हातात द्याव्यात.

ओलान्झापिन १० मिग्रॅ रात्री सुरू झालं. आईनं पहिले दोन दिवस ते शिऱ्यात मिसळून दिलं, मठाचा प्रसाद म्हणून. स्वयंसेविकेला कळल्यावर तिनं ते थांबवलं, पण आईला रागावली नाही. प्रसादातून गोळी दिली की किती पोटात गेली ते कळत नाही, लिथियमच्या बाबतीत तर ते धोक्याचंच. आणि ज्या दिवशी रुग्णाला समजेल त्या दिवसापासून तो घरचं अन्नही घेणार नाही आणि प्रसादही. मठाच्या दवाखान्याची सगळी पत त्या प्रसादावर उभी आहे. नंतर रुग्णाला समोर बसवून तोंडात विरघळणारी गोळी देऊ केली, ती त्यानं घेतली.

क्रिएटिनिन ०.९ वर आलेलं पाहूनच लिथियम पुन्हा सुरू केलं. रात्री नऊला ६०० मिग्रॅ, एकाच वेळी. सात दिवसांनी, बरोबर बारा तासांनी घेतलेल्या नमुन्यात पातळी ०.६ आली. तेवढीच मात्रा कायम ठेवली. मात्रा बदलली की आठवड्यानं तपासणी, मग पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी. क्रिएटिनिन, थायरॉइड आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी. ओलान्झापिन आठ आठवड्यांनी ५ वर आणलं, वजन आणि साखर पाहत पाहत.

दवाखान्याची घडी अशी बदलली: नर्स सकाळी साडेआठला येते आणि डॉक्टरांची वाट न पाहता नऊ ते साडेनऊमध्ये लिथियमवाल्यांचं रक्त काढते, रात्रीची गोळी नऊलाच घ्यायची, हे त्यासाठी सगळ्यांना ठरवून दिलं. वहीत "रुग्ण दिसला" हा रकाना आला. घरच्यांच्या हाती औषध सलग एकदाच. दुसऱ्यांदा रुग्णाशी व्हिडिओवर बोलल्याशिवाय नाही, तिसऱ्यांदा तो स्वतः. तारीख चुकली की तिसऱ्या दिवशी फोन, सातव्या दिवशी घरी फेरी. लिथियमचा तीन महिन्यांचा साठा कायम शिल्लक ठेवायचा, कारण घाऊक दुकानात ते मधूनच मिळेनासं होतं.

पैशाचं उत्तर देणगीच्या पावतीत सापडलं. अन्नदानाच्या ओळीखाली "एका रुग्णाच्या वर्षभराच्या रक्तचाचण्या" अशी ओळ आणि समोर रक्कम छापली. वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला लोक ती घेऊ लागले. सगळा खर्च त्यातून निघत नाही, उरलेला संस्था भरते. पण आता रुग्णाला चाचणीसाठी खिशात हात घालावा लागत नाही, आणि चाचण्या टळत नाहीत.

वारीचं कार्ड बनवायला सर्वांत जास्त वेळ गेला. खिशात मावेल एवढं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला वाटेत भेटणाऱ्या कुठल्याही डॉक्टरसाठी इंग्रजी. पहिल्या मसुद्यात बावीस सूचना होत्या. रुग्णाच्या आईला वाचून दाखवल्यावर तिला तीन आठवल्या. मग कार्डावर पाचच राहिल्या. दर तासाला पेलाभर पाणी, लघवीला थांबावं लागलं तरी. जेवणात नेहमीइतकं मीठ, उपासाच्या पदार्थातही. दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल. उलटी-जुलाब लागले तर त्या रात्रीची लिथियम नको, जलसंजीवनी घ्यायची आणि डॉक्टर गाठायचा. टाळ किंवा तांब्या धरवेना, पाय लटपटले, जीभ जड झाली तर लगेच रुग्णालय.

निर्जळीचा प्रश्न कार्डानं सुटणारा नव्हता. मठाचे महाराज डॉक्टरांशी तासभर बोलले. मूत्रपिंड पाणी आणि मीठ कसं धरून ठेवतं ते त्यांनी कागदावर काढून घेतलं. वद्य एकादशीच्या कीर्तनात त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ज्याला औषध चालू आहे त्यानं पाणी पिऊन, मिठाचा फराळ करून एकादशी करावी, त्यानं व्रत मोडत नाही. रुग्णाचं नाव घेतलं नाही. हेच वाक्य डॉक्टरांनी सांगितलं असतं तर घरात रुजलं नसतं. श्रद्धेच्या संस्थेकडे हे जे बळ आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि म्हणून ते अचूक माहितीवरच वापरलं पाहिजे. याच तोंडून एखादी चुकीची गोष्ट गेली असती तर तीही इतकीच घट्ट बसली असती.

रुग्ण बरा असताना त्याच्याकडून एक कागद लिहून घेतला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे त्यानं नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारात उपचाराचे निर्णय घ्यायला मदत करणारा माणूस, म्हणून थोरल्या भावाला नेमलं, आईला नाही. ती लवकर विरघळते, असं तोच म्हणाला. त्याच्या स्वतःच्या शब्दांत खुणाही आहेत: दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप, नवी उधारी, आणि "सगळ्यांना फोन करावेसे वाटणं". यातलं काही दिसलं तर भावानं गुरुवारची वाट न पाहता कळवायचं.

पुढच्या आषाढीला काय करायचं ते त्यानंच ठरवलं. अख्खी वाट चालायची नाही. शेवटचे दोन दिवस टेम्पोनं जाऊन वाखरीला दिंडीत मिसळायचं. निघायच्या चार दिवस आधी रक्त गेलं: लिथियम ०.६, क्रिएटिनिन ०.९. कार्ड बंडीच्या खिशात, दुसरी प्रत विणेकऱ्यांकडे. एकादशीला त्यानं साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि पाणी प्यायला. परतल्यावर दवाखान्याच्या पहिल्याच गुरुवारी तो स्वतः आला, सकाळच्या गाडीनं, नऊ वाजून दहा मिनिटांनी. नर्सनं लाल टोपणाची नळी घेतली आणि "रुग्ण दिसला" या रकान्यात तारीख घातली.